पाहुणा आणि स्वयंसेवक : नेपाळमधील सेवाकार्याविषयी
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त नेपाळविषयी बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवला तो काठमांडूमधील एक खटला. १९३० साली तेथील काही सुशिक्षित तरुणांनी सार्वजनिक वाचनालय काढण्याची परवानगी मागितली. राणांच्या राजवटीला हा राजद्रोहाचा वास वाटला. तरुणांना पकडण्यात आले आणि प्रत्येकी शंभर रुपये दंड झाला. नेपाळच्या इतिहासात हे प्रकरण ‘लाइब्रेरी पर्व’ म्हणून ओळखले जाते. त्या तरुणांत एक होते लक्ष्मीप्रसाद देवकोटा, जे पुढे नेपाळी भाषेचे महाकवी झाले. आपल्या ग्रंथालयाचे पहिले वर्गणीदार ज्या काळात निर्धास्तपणे पुस्तके बदलून नेत होते, त्याच सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी वाचनालयाची नुसती इच्छा हा गुन्हा ठरत होता. ही गोष्ट या सभागृहात सांगण्यासारखी आहे, आणि माझ्या विषयाशी तिचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

अलीकडे आपले अनेक तरुण सभासद आणि एकदोन निवृत्त स्नेहीही मला विचारतात की, नेपाळात जाऊन महिना-दोन महिने काही सेवा करावी असे मनात आहे, त्या निमित्ताने तेथील लोकजीवनही पाहावे, तर कोठे आणि कसे जावे? मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. निवृत्तीनंतर लमजुंग जिल्ह्यातील एका डोंगरी गावच्या सामुदायिक शाळेत दोन खेपांना मिळून सुमारे सात महिने राहिलो. एवढ्या शिदोरीवर मी बोलतो आहे.

आपल्याला नेपाळ परका वाटत नाही, याला कारणे आहेत. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची तेथील राणा घराण्याशी सोयरीक आहे, हे येथे कोणाला सांगावयास नको. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्यांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तेथे कौलांचा कारखाना काढून बसले होते, आणि त्या कौलांच्या आड शस्त्रनिर्मितीचा बेत होता. नाटककाराला शोभेल असाच हा प्रवेश! आज आपल्याला तेथे जाण्यास व्हिसा लागत नाही, कारण १९५० च्या मैत्री कराराने तशी सोय करून ठेवली आहे. शिवाय नेपाळी देवनागरीत लिहिली जाते. सुनौलीची कमान ओलांडताच दुकानांच्या पाट्या वाचता येतात आणि मराठी माणसाला वाटते की आपल्याला भाषाही येते.

येथेच थोडे सावध राहावे. नेपाळीत ‘दाइ’ म्हणजे थोरला भाऊ, आपली दाई नव्हे. ‘मिठो’ म्हणजे गोड नाही, तर चविष्ट. लोणचेदेखील ‘मिठो’ असते, आणि गोडाला ‘गुलियो’ म्हणतात. ‘कोदो’ म्हटले की आपल्यासमोर कोद्रा येतो. तेथे ती नाचणी असते, आणि तिचा घट्ट शिजविलेला ‘ढिँडो’ हे डोंगरातले पोटभरीचे अन्न आहे. पण काही शब्द थेट काळजाला भिडतात. ‘माइती’ म्हणजे माहेर. फसवून विकल्या गेलेल्या मुलींसाठी अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये संस्था काढली, तिचे नाव ‘माइती नेपाल’. ते नाव का दिले असावे, हे मराठी बाईला समजावून सांगावे लागत नाही. संबोधनाचे बारकावेही आपल्यासारखेच आहेत. ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ आणि त्यावर ‘हजुर’ अशा पायऱ्या आहेत. परक्या माणसालाही दाइ, दिदी, भाइ, बहिनी यांपैकी काहीतरी म्हणूनच हाक मारतात. नुसत्या नावाने हाक मारणे उद्धट वाटते. मला गावाने पहिल्याच आठवड्यात ‘सर’वरून ‘बुवा’वर आणले. बुवा म्हणजे वडील, कीर्तनकार नव्हे.

सकाळी चहा, दहाच्या आत डाळभात, मग शाळा, आणि सायंकाळी पुन्हा डाळभात. सोबत तरकारी आणि हिवाळ्यात गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळविलेला पाला. त्याचा वास सवयीने आवडू लागतो. उष्ट्याचा विचार, त्यांच्या भाषेत ‘जुठो’, आपल्या आजीच्या घरी होता तितकाच कडक आहे. तांब्याला ओठ न लावता पाणी प्यावे, वाढणाऱ्याच्या पळीला आपले ताट लागू देऊ नये, बोलावल्यावाचून चुलीपाशी जाऊ नये. आपल्या जुन्या घरांत वाढलेल्यांना हे जमते. आजच्या मुलांना शिकावे लागेल. मात्र सगळेच कौतुकाने पाहावे असेही नाही. पश्चिम नेपाळच्या काही भागांत विटाळशीला गोठ्यात किंवा झोपडीत ठेवण्याची ‘छाउपडी’ प्रथा आहे. २०१७ च्या कायद्याने ती दंडनीय ठरली, तरी ती साऱ्या गावांतून गेलेली नाही. पाहुण्याने संस्कृतीचा आदर करावा हे खरे. पण प्रत्येक रूढीला संस्कृती म्हणून नमस्कार करण्याचे कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. नेपाळात परदेशी स्वयंसेवक येऊ लागले त्याला सहा दशके होऊन गेली. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ची पहिली तुकडी १९६२ साली आली. त्याच्या आगेमागे एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या मुलखात काम आरंभिले होते. तुमच्यासाठी काय करू, असे त्यांनी आपल्या शेर्पा सोबत्यांना विचारले आणि शाळा हवी असे उत्तर मिळाले, ही कथा प्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये खुमजुंगची शाळा उभी राहिली, १९६६ मध्ये कुंडे येथील रुग्णालय. १९७५ मध्ये हिलरी फाप्लू येथे दुसरे रुग्णालय बांधीत असताना त्यांना भेटावयास निघालेली पत्नी आणि धाकटी कन्या काठमांडूच्या विमान अपघातात गेल्या. तरी त्यांनी हे काम सोडले नाही. पण मला हिलरींपेक्षा त्या शाळेतील मुलांची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तेथील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी मिंग्मा नोर्बु शेर्पा पुढे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रमुख अधिकारी झाले. कामी टेंबा शेर्पा कुंडेच्या रुग्णालयात मदतनीस म्हणून लागले, मग फिजीला जाऊन वैद्यक शिकले, आणि परत येऊन त्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर झाले. परदेशी डॉक्टरची खुर्ची गावच्या माणसाने घेतली.

दुसरे उदाहरण नेत्रचिकित्सेचे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज आणि नेपाळचे डॉ. संदुक रुइत यांची १९८५ मध्ये गाठ पडली. मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया त्या वेळी गरिबाच्या आवाक्याबाहेर होती, कारण भिंगच महाग. हॉलोज १९९३ मध्ये निवर्तले. पण १९९४ मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र सुरू झाले, आणि तेथेच ही भिंगे तयार होऊ लागून त्यांची किंमत पूर्वीच्या एका लहानशा अंशावर आली. आज परदेशातले डॉक्टर तेथे शिकावयास जातात. रुइत यांना २००६ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

ग्रंथालयाच्या सभासदांसाठी तिसरे उदाहरण मुद्दाम राखून ठेवले होते. अँटोनिया न्यूबाउअर या अमेरिकन बाई पदभ्रमणाच्या सहली काढीत. तुमच्या गावाला काय हवे, असे त्यांनी आपल्या वाटाड्याला विचारले. त्याने वाचनालय मागितले. १९९१ मध्ये सोलुखुम्बूतील जुनबेसी गावी ते झाले, आणि त्यातून ‘रीड’ ही संस्था वाढली. आज नेपाळभर तिची साठाहून अधिक सामुदायिक वाचनालये आहेत. यातली मेख अशी की, गावाने जागा व स्वतःचा वाटा दिल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि वाचनालयाबरोबर गावाच्या मालकीचा एखादा उद्योग काढला जातो. कोठे सुतारकामाचा कारखाना, कोठे रुग्णवाहिका, कोठे भाड्याने दिलेले गाळे. त्या उत्पन्नावर ग्रंथपालाचा पगार निघतो. वर्गणी आणि सरकारी अनुदान यांच्यात शंभर वर्षे ओढाताण सोसलेल्या आपल्या कार्यकारी मंडळाने या योजनेचा जरूर विचार करावा! ज्या देशात १९३० साली वाचनालय मागितले म्हणून दंड झाला, तेथे साठ वर्षांनी एका डोंगरी वाटाड्याने पाहुणीकडे पहिली गोष्ट मागितली ती वाचनालयच.

या तिन्ही ठिकाणी प्रथम विचारले गेले आणि मग काम झाले. आज मात्र काठमांडू आणि पोखरा येथे उलट व्यवहार बोकाळला आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. परदेशातल्या दलालाकडे स्वयंसेवक पैसे भरतो, त्याला दोन-तीन आठवडे एखाद्या ‘अनाथालया’त ठेवतात, मुले त्याच्या गळ्यात पडतात, तो छायाचित्रे घेऊन परत जातो. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचे आमिष दाखवून मुले आणली. आईबापांनी जमिनी विकून पैसे दिले, आणि हीच मुले राजधानीत अनाथ म्हणून देणगीदारांपुढे उभी करण्यात आली. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ मध्ये गोदावरीच्या अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला. मुलांचे आईबाप जिवंत आहेत हे कळल्यावर तो पुढे हुमलाच्या डोंगरांत पायी फिरून त्यांची घरे शोधीत हिंडला. त्याचे ‘लिटल प्रिन्सेस’ हे पुस्तक मिळाल्यास वाचावे. पुढे झालेल्या पाहण्यांतही असेच आढळले की, नेपाळच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई वा वडील हयात आहेत. आणि ही बालगृहे आहेत कोठे? काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या, म्हणजे पर्यटक जातात त्याच पाच जिल्ह्यांत त्यांतील बहुतेक आढळतात. अनाथ मुले काय फक्त पर्यटकांच्या वाटेवरच जन्मतात? दर पंधरवड्याला माया लावणारा नवा माणूस येतो आणि निघून जातो, याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो हे कोणत्याही आईला विचारावे. म्हणून माझा पहिला सल्ला नकारात्मक आहे : अनाथालयात जाऊ नका, कितीही करुण छायाचित्रे दाखविली तरी जाऊ नका.

मग शाळेत जावे काय? जावे, पण तेथेही एक अट आहे. मी ज्या शाळेत होतो तेथे माझ्या आधी काही वर्षे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक येऊन गेले होते. खालच्या वर्गातील मुले एकच इंग्रजी बडबडगीत चार देशांच्या उच्चारांत म्हणून दाखवीत. प्रत्येक नवागताने आरंभापासून तेच शिकविले होते. अपूर्णांकांची बेरीज मात्र सातवीच्या निम्म्या वर्गाला येत नव्हती. मुख्याध्यापकांनी मला पहिल्याच दिवशी चहावर सांगितले, “बुवा, तुम्ही मुलांना शिकवू नका. आमच्या मास्तरांबरोबर बसा.” त्याप्रमाणे रोज सकाळी तासभर मी गणिताच्या शिक्षकांबरोबर बसत असे. उदाहरणे आम्ही दोघे तयार करीत होतो. शिकवीत ते, आणि मी मागच्या बाकावर. उदाहरणांत रुपये असत, मकई असे, डोको नावाची पाठीवरची बांबूची टोपली असे. अशा तीन वह्या भरल्या. मुलांना त्यात परदेशी सरांचे आकर्षण फारसे उरले नाही आणि तेच बरे झाले.

या मुख्याध्यापकांना हे शहाणपण कोठून आले, याचा विचार करताना ध्यानात येते की, सेवेचे धडे नेपाळने परदेशी माणसाकडून घेण्याची गरज कधीच नव्हती. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजाची ‘गुठी’ पाहा. संस्कृत ‘गोष्ठी’चाच हा अपभ्रंश, आपली ‘गोष्ट’ त्याच घराण्यातली. मंदिराची दुरुस्ती, जत्रेचा खर्च, मयताची तयारी, पाणवठ्याची निगा अशा एकेका कामासाठी एकेक गुठी, आणि तिच्या नावे दान दिलेली जमीन. लिच्छवींच्या शिलालेखांतही अशा गोष्ठींचे उल्लेख आहेत. पाटणच्या मंगाहिटीसारख्या दगडी धारा सहाव्या शतकापासून लोकांना पाणी देत आल्या, त्यामागे अशीच लोकव्यवस्था होती. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला ‘सिथि नखः’ असते. त्या दिवशी पावसाळ्यापूर्वी विहिरी आणि धारा उपसून स्वच्छ करतात. श्रमदान हा शब्द न उच्चारता केलेले ते श्रमदान. २०१९ मध्ये सरकारने गुठींवर ताबा आणणारे विधेयक आणले, तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवर एवढा जनसागर लोटला की ते मागे घ्यावे लागले.

डोंगरात ‘पर्म’ असते. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. आषाढाच्या पंधराव्या दिवशी चिखलात भातलावणी करताना गाणी, एकमेकांवर चिखलफेक आणि मग दही-चिउरा, म्हणजे दहीपोहे. गावात ‘आमा समूह’ असतो. पाहुणा आला की या बाया झेंडूच्या माळा घालतात, नाचतात, ताटात पैसे जमवितात, आणि त्या पैशांतून पायवाटेच्या दगडी पायऱ्या दुरुस्त होतात. १९८८ पासून सरकारच्या योजनेत गावोगावच्या महिला आरोग्य स्वयंसेविका काम करतात. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे आणि त्यांना नियमित पगार नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत वैशाख आणि कार्तिक असे वर्षातून दोनदा लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व पाजण्याचे काम त्यांच्याकडे आले. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे प्रमाण १९९६ च्या पाहणीत हजारी ११८ होते, ते २०२२ मध्ये ३३ वर आले. त्याचे सारे श्रेय एकट्या त्यांना देता येणार नाही. पण त्यांच्यावाचून ते घडले असते असेही कोणी म्हणणार नाही. आपल्या गावची ही बाई, आणि दोन आठवड्यांसाठी आलेला पाठपिशवीवाला तरुण. ‘स्वयंसेवक’ हा शब्द दोघांनाही लावतात, याची मला कधी कधी मौज वाटते आणि कधी खेद.

तथापि या व्यवस्थेला आता ओहोटी लागली आहे, आणि कारण परकीय नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळचे सुमारे २२ लाख लोक देशाबाहेर होते, बहुतेक तरुण पुरुष. त्यांनी पाठविलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाव भागाजवळ जातो. आखाती देश, मलेशिया आणि अर्थातच भारत. आपल्याच गल्लीत रात्री शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा कोणत्या गावाहून आला, हे आपण त्याला कधी विचारले आहे? पर्मला हात उरले नाहीत. माझ्या गावात वरच्या अंगाच्या चार पायऱ्या-शेतांवर रान माजले आहे, कारण नांगर धरणारा कोणी नाही. देवकोटांनी ‘मुनामदन’ लिहिले ते याच दुःखावर. मदन पैसा मिळवावयास ल्हासाला जातो, परतीच्या वाटेवर आजारी पडतो, सोबती त्याला टाकून जातात, एक भोटिया त्याची शुश्रूषा करतो आणि मोबदला नाकारतो. मदन घरी पोहोचतो तेव्हा मुना गेलेली असते. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे लहानसे पुस्तक आजही नेपाळच्या घराघरांत आहे. जाणाऱ्याने ते आधी वाचावे. देवनागरीच असल्याने चार-सहा आठवड्यांच्या अभ्यासाने ते मुळातून वाचता येते.

जाण्याची वेळही पाहावी. आपले लोक आश्विन-कार्तिकात निघतात, कारण तेव्हा आकाश निवळते आणि हिमशिखरे दिसतात. पण नेमकी तेव्हा दशैं आणि तिहारसाठी शाळा बंद असते. पाहुणा म्हणून त्या वेळी अवश्य जावे. थोरांच्या हातचा तांदूळ-दह्याचा लाल टिळा घ्यावा, कुकुर तिहारला कुत्र्यांच्या गळ्यातल्या माळा पाहाव्यात, भाइटीकेला एखाद्या दिदीने सप्तरंगी टिळा लावला तर ओवाळणी विसरू नये. शिकविण्यासाठी जायचे असेल तर शाळेचे वर्ष वैशाखात सुरू होते, त्या सुमारास जावे आणि निदान तीन महिने राहावे. दलालाला पैसे देऊ नयेत. शाळेच्या व्यवस्थापन समितीशी सरळ पत्रव्यवहार करावा, आणि त्यांना काय हवे हे विचारून मगच तिकीट काढावे. ‘काही नको’ असे उत्तर आले तर तेही मान्य करावे. आपल्याला व्हिसा नको असला तरी इतर देशांच्या लोकांना पर्यटक परवान्यावर, बिनमोबदलादेखील, काम करण्यास मनाई आहे. परदेशस्थ नातलगांना बरोबर नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझ्याबरोबर सकाळी बसणारे ते गणिताचे शिक्षक मी परतल्यावर वर्षभरातच कतारला गेले. शाळेच्या पगारात घर भागत नव्हते. त्यांच्या जागी त्याच गावातली एक तरुणी आली आहे, आमा समूहातल्या एका बाईंची सून. मुख्याध्यापकांचे पत्र गेल्या महिन्यात आले. तिन्ही वह्या तिच्या हाती दिल्या आहेत. तिने कळविले आहे की अपूर्णांकांची उदाहरणे संपत आली. आणखी पाठवावीत, आणि या वेळी त्यात विमानाचे भाडे आणि रुपयाचा दर घालावा, मुलांना ते लवकर कळते.